अस्मानीतली सुलतानी

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या ज्या सुपारीच्या वाड्या दोन-तीन पिढ्यांनी पाणी शिंपून, झाडाला झाड लावून, भूमीला दुपारच्या उन्हाचाही स्पर्श होऊ न देता वाढविल्या होत्या, त्या काही तासांच्या अवधीत भुईसपाट झाल्या. नारळ वाऱ्यापुढे वाकून पुष्कळदा तग धरतो. सुपारीचे सडपातळ झाड मात्र मधोमध मोडते, आणि त्याच्या जागी लावलेल्या रोपाला फळ धरावयास पुढे कित्येक वर्षे जावी लागतात.

वादळानंतर त्या भागात चाललेला एक पंचनामा मी पाहिला. आडव्या पडलेल्या खोडांवरून वाट काढीत तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक वाडीत शिरले. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक, क्षेत्र किती गुंठे, झाडे किती, उभी किती, मोडली किती, असा सारा तपशील विचारून विचारून लिहिला गेला. शेजारच्या दोघांनी पंच म्हणून सह्या केल्या आणि वाडीच्या वृद्ध धन्याने सावकाश आपले नाव लिहिले. नुकसानीचे कारण नोंदविण्याच्या जागी दोन शब्द होते : नैसर्गिक आपत्ती. ते लिहिणाऱ्या तलाठ्याकडे यत्किंचितही दोष जात नाही, कारण त्याच्या दप्तरात त्याला दुसरा शब्दच दिलेला नव्हता. परंतु त्या दोन शब्दांपाशी माझे मन जे अडले ते अद्याप तेथून हललेले नाही.

आपल्या जुन्या महसुली व्यवहाराने आपत्तीच्या दोन जाती मानल्या होत्या : अस्मानी आणि सुलतानी. अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट, टोळधाड ही अस्मानी. परचक्र, लूट, जुलमी वसुली ही सुलतानी. कौलाच्या आणि इजाऱ्याच्या कागदांत या दोहोंचा उल्लेख जोडीने येई, कारण दोहोंनी रयतेचे पीक बुडे आणि साऱ्यात सूट देणे भाग पडे. तथापि रयतेच्या मनात दोहोंतला भेद पक्का होता. अस्मानीपुढे माणूस हात जोडतो आणि सुलतानीविरुद्ध दाद मागतो. पहिलीत जे पदरात पडते ती मेहेरबानी असते. दुसरीत जे मागितले जाते तो हक्क असतो. आजच्या युगाचे दुर्दैव असे की, आकाशातून कोसळणाऱ्या आपत्तीच्या मुळाशीही मनुष्याची करणी येऊन बसली आहे, आणि तरीही नुकसान सोसणाऱ्याने हात जोडूनच उभे राहावे अशी अपेक्षा केली जाते. हवामानबदलाच्या जागतिक राजकारणाचा गेल्या साडेतीन दशकांचा इतिहास मला या एका रकान्याचा इतिहास वाटतो : कारण काय लिहावयाचे, अस्मानी की सुलतानी?

एखादे विशिष्ट वादळ सर्वस्वी अमक्याच्या खाती मांडता येणार नाही, हे प्रारंभीच प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. वादळे पूर्वीही होत असत आणि अरबी समुद्र काही आज खवळू लागलेला नाही. परंतु तो समुद्र तापत चालला आहे हे मोजमापाने सिद्ध झालेले आहे, तापलेले पाणी वादळाला बळ पुरविते हेही निर्विवाद आहे, आणि हे तापणे कशाने घडले याविषयी शास्त्रज्ञांत आता मतभेद उरलेला नाही. हवेतील कर्बवायूमुळे पृथ्वीचे तापमान किती वाढेल याचे गणित स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ सालीच मांडले होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर त्या वायूचे नियमित मापन सुरू केले, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग भरला; औद्योगिक क्रांतीपूर्वी तो सुमारे २८० होता आणि आज त्याने ४२० ची मर्यादा ओलांडली आहे.

या वायूचा एक गुणधर्म असा आहे की, ज्याच्यावर सारी न्यायान्यायाची चर्चा उभी राहते. धूर डोळ्यांदेखत विरतो, परंतु कर्बवायूचा मोठा अंश शतकानुशतके वातावरणात टिकून राहतो. म्हणजे ही वही दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला कोरी होणारी नव्हे. मँचेस्टरच्या गिरण्यांनी आणि पिट्सबर्गच्या पोलादभट्ट्यांनी जाळलेल्या कोळशाची बाकी तिच्यात अद्याप पुढे ओढली जाते. ती बाकी काढून पाहिली, तर आजवर जळालेल्या कोळसा, तेल आणि वायूपासून निघालेल्या कर्बवायूपैकी सुमारे चतुर्थांश एकट्या अमेरिकेच्या नावे पडतो, युरोपीय संघ आणि ब्रिटन मिळून पंचमांशाहून अधिक भरतात, आणि जगातील सहा माणसांमागे एकाहून अधिक माणसे ज्या देशात राहतात त्या भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आत राहतो. चालू सालचा आकडा वेगळे चित्र दाखवितो हे खरे. आज चीन इतर सर्वांच्या पुढे आहे आणि भारत तिसऱ्या क्रमांकावर आहे. परंतु तेथेही माणशी हिशेब मांडला, तर अमेरिकेतील एक माणूस वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू हवेत सोडतो, भारतातील माणूस सुमारे २ टन, आणि साऱ्या जगाची सरासरी साडेचार टनांहून किंचित अधिक येते.

माणशी हिशेबाचा हा आग्रह आपल्याच देशातून प्रथम ठामपणे मांडला गेला, हे मराठी वाचकाने अभिमानाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेस यजमान देशाखेरीज एकच शासनप्रमुख उपस्थित होता आणि तो म्हणजे आपल्या तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी. दारिद्र्याचा प्रश्न दूर सारून पर्यावरणाचा प्रश्न सुटणार नाही, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. पुढे १९९१ साली दिल्लीच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी, भारत-चीनसारख्या देशांना या संकटाचे मोठे अपराधी ठरवू पाहणाऱ्या एका अमेरिकन अहवालाचा बारकाईने समाचार घेतला. भाताच्या खाचरातून निघणारा वायू आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा वायू हवा तापविण्याच्या हिशेबात कितीही जवळचे असले, तरी नीतिशास्त्रदृष्ट्या ते एकाच तागडीत घालता येत नाहीत, कारण एक जगण्यासाठी आहे आणि दुसरा ऐषआरामासाठी, हा त्यांचा युक्तिवाद त्यानंतरच्या प्रत्येक वाटाघाटीत या ना त्या रूपाने उमटत राहिला.

त्याच १९९१ सालात आणखी एक मागणी पुढे आली, आणि माझ्या मते या सर्व कथेचे मर्म तिच्यात आहे. पॅसिफिक महासागरात वानुआतू नावाचा सुमारे ऐंशी बेटांचा देश आहे; लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. त्याचे संयुक्त राष्ट्रांतील प्रतिनिधी रॉबर्ट व्हॅन लिरॉप हे नुकत्याच स्थापन झालेल्या छोट्या द्वीपराष्ट्रांच्या संघाचे पहिले अध्यक्ष होते. जागतिक हवामान कराराचा मसुदा घडत असताना वानुआतूने या संघाच्या वतीने असे सुचविले की, समुद्र चढून ज्यांची जमीन जाईल त्यांच्या भरपाईसाठी एक आंतरराष्ट्रीय विमा निधी उभारावा आणि त्याचा हप्ता धनिक राष्ट्रांनी आपापल्या उत्पन्नाच्या व आपापल्या धुराच्या प्रमाणात भरावा. सूचना विलक्षण व्यवहारी होती; अणुभट्टीच्या अपघातातील भरपाईसाठी युरोपीय राष्ट्रांनी १९६३ मध्ये आपसांत केलेल्या कराराचा नमुना तिच्यापुढे होता. जे तत्त्व त्यांनी आपल्या प्रजेसाठी मान्य केले होते, तेच बेटांवरील माणसांना लागू करावे, एवढेच मागणे होते.

ते मान्य झाले नाही. १९९२ मध्ये रिओ येथे जो करार झाला त्यात 'सामाईक परंतु भेदयुक्त जबाबदारी' हे तत्त्व आले, धनिक देशांनी पुढाकार घ्यावा असेही नमूद झाले, पण व्हॅन लिरॉप यांच्या विम्याचा केवळ शब्द एका कलमाच्या कोपऱ्यात राहिला आणि निधी गळाला. जबाबदारी सामाईक, ऐपत वेगळी, इतके म्हणावयास सर्व राजी होते. नुकसान कोणी केले, हे लिहावयास कोणी राजी नव्हते. १९९७ च्या जुलैत, क्योटो कराराच्या आधी काही महिने, अमेरिकेच्या सीनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी असा ठराव केला की, विकसनशील देशांवर त्याच मुदतीत बंधने येत नसतील तर आम्ही कोणत्याही बंधनावर सही करू नये. डिसेंबरात क्योटो करार झाला. २००१ मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतले.

मग २०१३ च्या नोव्हेंबरात, पोलंडमधील वॉर्सा येथे हवामान परिषद भरण्याच्या तोंडावरच, फिलिपीन्सवर हैयान हे तुफान आदळून सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या देशाचे प्रतिनिधी येब सान्यो यांनी परिषदेत अश्रू आवरीत भाषण केले आणि काही अर्थपूर्ण निष्पन्न होईपर्यंत अन्न घेणार नाही असे जाहीर केले. त्या परिषदेतून 'हानी व नुकसान' या विषयाची एक यंत्रणा तेवढी निघाली. दोन वर्षांनी पॅरिस करारात या विषयाला स्वतंत्र अनुच्छेद मिळाला, पण सोबतच्या निर्णयपत्राच्या ५१ व्या परिच्छेदात असे स्पष्ट लिहून घेण्यात आले की, हा अनुच्छेद दायित्वाचा किंवा भरपाईचा आधार होणार नाही. नुकसान मान्य, नुकसानकर्ता अमान्य! आपल्या कोणत्याही दिवाणी न्यायालयात असा कबुलीजबाब घेऊन येणाऱ्या प्रतिवादीस न्यायाधीशाने काय विचारले असते, याची वाचकाने स्वतःच कल्पना करावी.

२०२२ च्या पावसाळ्यात पाकिस्तानात जो महापूर आला, त्यात तीन कोटी तीस लाख माणसे सापडली, सतराशेहून अधिक मृत्युमुखी पडली आणि हानीचा अंदाज ३००० कोटी डॉलरांवर गेला. जगाच्या उत्सर्जनात त्या देशाचा वाटा एक टक्काही नाही. योगायोगाने विकसनशील देशांच्या गटाचे अध्यक्षपद त्या वर्षी पाकिस्तानकडेच होते, आणि त्या नोव्हेंबरात इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे, वानुआतूच्या मागणीनंतर ३१ वर्षांनी, हानी व नुकसानीसाठी निधी स्थापण्याचा निर्णय झाला. पुढल्या वर्षी दुबईस तो कार्यान्वित झाला तेव्हा सर्व देशांनी मिळून दिलेली वचने सुमारे ७० कोटी डॉलरांची होती; म्हणजे एका पुराच्या नुकसानीचा चाळिसावा हिस्सासुद्धा नव्हे. अमेरिकेने त्यात १ कोटी ७५ लाख डॉलर देऊ केले आणि २०२५ च्या मार्चमध्ये तिने निधीच्या संचालक मंडळातून आपला प्रतिनिधीच काढून घेतला. देणे म्हणून जे ठरले नव्हते, ते मागे घेण्यास कोणाची परवानगी लागली नाही.

रकमेपेक्षाही तिचे स्वरूप मला अधिक सलते. २००९ मध्ये कोपनहेगनला धनिक राष्ट्रांनी २०२० पर्यंत वर्षाकाठी १०,००० कोटी डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते प्रथम पुरे झाले २०२२ साली, आणि त्या वर्षीच्या सरकारी रकमेतही सुमारे ६९ टक्के भाग कर्जाचा होता. आपल्याकडे दुष्काळात सरकार शेतकऱ्यास तगाई देई आणि पुढे ती हप्त्यांनी वसूल करी. तो व्यवहार समजू शकतो, कारण पाऊस सरकारने अडविलेला नसे. परंतु ज्याने शेजाऱ्याच्या शेतात बांध फोडून पाणी सोडले, त्यानेच उद्या त्या शेजाऱ्यास व्याजाने पैसे द्यावेत आणि त्यास साहाय्य म्हणावे, हे कोणत्या न्यायशास्त्रात बसते? २०२४ च्या नोव्हेंबरात बाकू येथे ही रक्कम २०३५ पर्यंत ३०,००० कोटींवर नेण्याचे ठरले, तेव्हा मागणी १ लाख ३० हजार कोटींची होती. अध्यक्षांचा हातोडा पडताच भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उठून जो तीव्र आक्षेप नोंदविला, त्यामागे पुष्कळ देशांचा साठलेला क्षोभ होता.

वाटाघाटींच्या दालनांत जे तीस वर्षांत घडले नाही, ते घडविण्याची कल्पना एका वर्गात निघाली. २०१९ साली वानुआतूतील दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या कायदा शाखेच्या २७ विद्यार्थ्यांनी असा विचार केला की, जेथे मतांची गणती चालते तेथून हा प्रश्न उठवून, जेथे कायद्याचा अर्थ लावला जातो त्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे तो का नेऊ नये? त्यांच्या देशाला कागदी तत्त्वे पढविण्याची गरज नव्हती. २०१५ च्या 'पॅम' चक्रीवादळाने एका फटक्यात त्याच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ६४ टक्के एवढी हानी केली होती. वानुआतूच्या सरकारने ती कल्पना उचलली, मंत्री राल्फ रेगेनवानू यांनी तिच्यासाठी देशोदेशी पाठिंबा गोळा केला, आणि २९ मार्च २०२३ रोजी, त्याच महिन्यात काही दिवसांच्या अंतराने दोन वादळांनी बेटे झोडपली असताना, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यायालयाचे मत मागविण्याचा ठराव मतदानावाचून, सर्वसंमतीने मंजूर केला. २०२४ च्या डिसेंबरात दोन आठवडे सुनावणी चालली. शंभराच्या आसपास राष्ट्रांनी व संस्थांनी आपली बाजू मांडली. जी बेटे नकाशावर बोटाखाली झाकली जातात, त्यांचे प्रतिनिधी महासत्तांच्या प्रतिनिधींसमोर त्याच आसनावरून, तेवढाच वेळ बोलले.

२३ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष युजी इवासावा यांनी न्यायालयाचे मत वाचून दाखविले. पंधरा न्यायाधीश, आणि एकही विरोधी मत नाही. त्या पंधरांत दलवीर भंडारी होते, जे पूर्वी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. न्यायालयाने सांगितले ते थोडक्यात असे : हवामानाच्या व्यवस्थेस इजा न होईल अशी खबरदारी घेणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, ते केवळ करारांतून उद्भवत नाही, तर आंतरराष्ट्रीय रूढ कायद्यातूनही येते, म्हणून करारातून बाहेर पडणाऱ्यालाही त्यातून सुटका नाही, कोळसा-तेलाच्या उत्खननास परवाने व अनुदाने देणे हेही त्या कर्तव्याचा भंग ठरू शकते, भंग झाला तर तो थांबविणे, पुन्हा न करण्याची हमी देणे, आणि कृती व हानी यांचा संबंध पुरेसा सिद्ध झाल्यास पूर्ण भरपाई करणे हे परिणाम ओघाने येतात. समुद्राने भूमी गिळली म्हणून राष्ट्राचे राष्ट्रत्व आपोआप लोपत नाही, असाही अभिप्राय त्यात आहे. ज्यांना उद्या आपला देश पाण्याखाली पाहावा लागेल, त्यांना या एका वाक्याचा आधार किती वाटला असेल!

येथे आपल्या देशाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. त्या सुनावणीत ५ डिसेंबरला भारताने आपले म्हणणे मांडले. संकटाचे ऐतिहासिक उत्तरदायित्व धनिक राष्ट्रांवर आहे, वातावरणातला न्याय्य वाटा ज्याचा त्यास मिळाला पाहिजे, हे ठासून सांगताना, मान्य करारांच्या पलीकडे न्यायालयाने नवी बंधने निर्माण करू नयेत, असेही त्याने सुचविले. हा पवित्रा मला कळतो. कोट्यवधी घरांतला दिवा अद्याप कोळशावर अवलंबून असलेल्या देशाने कायद्याच्या कक्षा रुंदावताना साशंक व्हावे, यात अस्वाभाविक असे काही नाही. परंतु ऋणको ठरण्याची भीती बाळगून धनकोची फिर्याद पूर्ण स्वराने करता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. आणि वानुआतूच्या रहिवाशास जो युक्तिवाद आपण समजावून सांगतो, तोच उद्या चंद्रपूरचा रहिवासी आपल्याला ऐकवू शकतो.

चंद्रपूरला राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचे २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. कोळशाच्या खाणी, राख आणि विदर्भाचा जीवघेणा उन्हाळा हे तेथील माणसाच्या वाट्याला आहे. त्या विजेने थंड होणाऱ्या खोल्या बहुतांशी दुसरीकडे आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीने सोलापूर-धाराशिवकडची शिवारे धुऊन नेली तेव्हा पिकाबरोबर काळी मातीही गेली. ज्या शेतमजुराचे घर पडले, त्याने आयुष्यभरात जेवढा धूर केला असेल तेवढा शहरातील एखादे सधन कुटुंब थोड्याच वर्षांत करते. माणशी हिशेब मांडण्याची जी नीती आपण जगाला शिकविली, ती देशाच्या सीमेपाशी येऊन थांबत नाही. ती गावाच्या वेशीपर्यंत, घराच्या उंबऱ्यापर्यंत आणली म्हणजेच तिचे सामर्थ्य वाढेल. राष्ट्राची सरासरी ही श्रीमंताने गरिबामागे लपण्याची जागा होता कामा नये. आणि तशी ती होऊ दिली नाही, तर अमेरिकेच्या व युरोपच्या दाराशी आपण जी फिर्याद घेऊन जातो तिच्याकडे कोणासही बोट दाखविता येणार नाही.

हेगचे मत सल्लागारी स्वरूपाचे आहे; त्याची अंमलबजावणी करणारा बेलीफ कोणाच्या दारी जाणार नाही. मग त्याचे मोल काय, असे मला पुष्कळांनी विचारले. त्या प्रत्येक वेळी मला श्रीवर्धनची ती वाडी आठवते. पंचनाम्याने मोडलेली सुपारी उभी राहत नाही, मिळणारी रक्कम पिढ्यांच्या कष्टांना पुरी पडत नाही, आणि हे त्या वृद्ध धन्याला सही करताना ठाऊक होते. तरी त्याने प्रत्येक आकडा पुनःपुन्हा तपासून घेतला, एक झाड कमी लिहिले गेले होते ते सुधारून घेतले, आणि मगच नाव लिहिले. येथे वाडी होती, ती अशी होती आणि ती गेली, हे कागदावर आल्यावाचून पुढली कोणतीही मागणी उभीच राहू शकत नाही, ही जाण त्यामागे होती. वानुआतूच्या विद्यार्थ्यांनी पृथ्वीचा असाच पंचनामा करवून घेतला आहे. वसुली व्हावयाची आहे, तिला आणखी कित्येक वर्षे लागतील; परंतु त्या कागदावर पंधरा पंचांच्या सह्या पडल्या आहेत, आणि कारणाच्या रकान्यात प्रथमच अस्मानीच्या शेजारी दुसरा शब्द लिहिला गेला आहे.